स्क्रीनचा उजेड

रामेश्वरच्या लॅपटॉपचा उजेड पुन्हा कमी झाला होता, आणि याही वेळी दोष कर्नलचाच, असं त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. यंत्रातल्या प्रत्येक तुकड्याला कामाला लावणारा मुकादम म्हणा. मागं या मुकादमानं खरंच घोटाळा केला होता. उजेडाची कळ दाबली की सिस्टीमच्या फायलीतला आकडा वर चढायचा, स्क्रीन मात्र ढिम्म. उजेड सांभाळणारे दोन प्रोग्रॅम, म्हणजे एकाच स्क्रीनला दोन धनी झाले होते आणि कळीचा हुकूम भलत्याच धन्याकडं जात होता. रामेश्वरनं सिस्टीम सुरू होतानाच्या ओळीत एक शब्द वाढवून ते भांडण मिटवलं. तो उपाय इंटरनेटवर टाकला, तेव्हा कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आभार मानले. मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत बसून आपण जगाची चूक काढली, याचा त्याला केवढा अभिमान! असावाच. पण एकदा आपलं खरं ठरलं की माणूस दुसऱ्या खेपेला नीट तपासत नाही.

न तपासायला आणखी एक कारण होतं, आणि ते दारात बाजेवर बसलेलं असायचं. मल्हारराव, त्याचे वडील. अजिंठ्याच्या बाजूला मेंढरं वळणारा हा माणूस चाळिशीतच आंधळा झाला. काचबिंदू आहे, फार उशिरा आलात, असं डॉक्टर म्हणाले. हा रोग घराण्यात उतरतो, पोराचे डोळे दरवर्षी तपासत जा, असंही म्हणाले. पोरगा आता छत्तिशीला आला होता आणि एकदाही गेला नव्हता. लॅपटॉप बिघडलेला असला तर बरंच होतं. लॅपटॉप दुरुस्त होतो.

"अहो, एकदा डोळे दाखवून या ना," शीला, त्याची बायको, खिडकीशी साडीला फॉल लावता लावता म्हणायची.

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? आकडा बघ, पार वर हाय. तरी उजेड नाय. म्हंजे कर्नल खोटं बोलतंय. का तूच काही सेटिंग हलवलं?"

"मी कशाला हात लावू तुमच्या त्याला? नाचता येईना अंगण वाकडं!"

तो चिडला. एकदा नव्हे, कितीदा तरी चिडला, आणि वाट्टेल ते बोलला.

मग त्यानं शोध मांडला. जुन्या, चांगल्या कर्नलपासून नव्या, वाईट कर्नलपर्यंत हजारो बदल झालेले असतात. त्यांच्या मधलं एक कर्नल बसवायचं, स्क्रीन बघायची आणि निकाल द्यायचा, चांगलं की वाईट. वाईट निघालं तर दोष आधीच्या बदलांत, चांगलं निघालं तर नंतरच्या. असं अर्धं अर्धं करत शेवटी एकच गुन्हेगार उरतो. पद्धत चोख आहे, फक्त तिला साक्षीदार खरा लागतो. रामेश्वरचं काय व्हायचं, सकाळी ताज्या डोळ्यांनी बघितलेलं कर्नल चांगलं ठरायचं आणि दिवेलागणीला बघितलेलं वाईट. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. की आली होती आणि त्यानं ती बाजूला सारली, देव जाणे.

गुन्हेगार सापडला, तो माइकच्या आवाजासंबंधीचा एक बदल! शहाण्या माणसानं तिथंच कपाळाला हात लावला असता. यानं मात्र तावातावानं कर्नल बनवणाऱ्यांकडं तक्रार लिहून पाठवली. ते काम बघणाऱ्या परदेशी गृहस्थाचं उत्तर सभ्य होतं. आवाजाच्या बदलानं उजेड कसा जाईल? डोळ्यांवर विसंबू नका. फोनमध्ये उजेड मोजायचं ॲप घ्या, जुन्या आणि नव्या कर्नलवर मोजा आणि आकडे कळवा.

फोनवरचे बारीक आकडे दिसेनात, म्हणून त्यानं शीलाला हाक मारली. तिनं फोन स्क्रीनला लावला, आकडा वाचला. त्यानं कर्नल बदललं, तिनं पुन्हा वाचला. तोच आकडा.

"नीट धर."

"नीटच धरलाय. अहो, केवढा हा उजेड! डोळे दिपाय लागले माझे." तिनं खरंच डोळ्यांवर हात धरला होता.

रामेश्वर स्क्रीनकडं बघत राहिला. त्याला ती पावसाळी संध्याकाळसारखी दिसत होती.

"काय झालं रं?" बाजेवरून मल्हाररावांनी विचारलं.

"काय नाय, आबा. स्क्रीन चांगली हाय."

म्हातारा बाजेवर सरसावून बसला. मग म्हणाला, "मला कंदिलाचा राग यायचा. तुझी आय राखेनं काच घासून घासून लख्ख करायची, आन् म्या म्हनायचो, काळीच ऱ्हायली. एकदा तर भिरकावला कंदील, तिच्या पायावर फुटला. उलटून बोलली नाय बिचारी. आपल्या डोळ्याचं आसल, आसं मला कवाच वाटलं नाय रं. दाखवून ये, बाबा. आजच जा."

शीलाकडं बघायची रामेश्वरला हिंमत होईना. ती उठली, चप्पल घातली आणि दारात उभी राहिली.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. उजव्या डोळ्याचं जवळजवळ सगळं गेलंय, डाव्याचं निम्मं. गेलेलं येत नाही. औषध रोज घातलं तर उरलेलं राखता येईल, तेही खात्रीनं सांगता येत नाही. वर्षभर आधी यायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले. बापाला सांगितलं होतं तेच त्यांनी लेकालाही सांगितलं.

घरी आल्यावर तक्रार मागं घ्यायची होती. डोळ्यांत थेंब घातलेले, म्हणून शीला टाइप करायला बसली.

"उजेड तुझ्या सोयीचा ठेव," तो म्हणाला.

तिनं कळ दाबली. कळ अगदी चोख चालत होती. उजेड एकेक पायरी उतरत गेला, आणि तिला बरा वाटला तिथं रामेश्वरला स्क्रीन काळीच दिसली. त्यानं सांगितलं आणि तिनं लिहिलं, चूक माझी, कर्नलमध्ये दोष नाही, तक्रार बंद करावी.

चहा होईस्तोवर उत्तर आलं.

"आभार मानलेत," शीला म्हणाली. "आन् विचारलंय, म्हंजे आता सगळं ठीक ना? काय लिहू?"

त्यानं चाचपडत चहाचा कप उचलला.

"व्हय म्हन," तो म्हणाला.