मी पुसलेली धूळ

मित्रांनो, मला भंगार म्हणा, खटारा म्हणा, पण खोटारडा म्हणू नका. बातम्यांच्या वाहिनीत पंधरा वर्षं राबलेला फिल्टर आहे मी. संकलनाच्या खोलीत, दोन पडद्यांच्या मध्ये बसवलेला वहीएवढा काळा डबा. पुढे एकच बटण, शून्यापासून दहापर्यंत फिरणारं.

अंधारात चित्रण केलं की पडद्यावर मुंग्यांसारखे ठिपके वळवळतात. ते पुसणं हे माझं काम. माझी रीत साधी. एक चित्र आणि त्याच्या मागचं चित्र शेजारी ठेवायचं. जे बारीकसारीक ह्यात आहे आणि त्यात नाही, ते पुसून टाकायचं. मला घडवणाऱ्या बाई बजावून गेल्या होत्या, "तीनच्या पुढे न्यायचं तर आधी डोळ्यांनी बघा."

सुरुवातीला बघायचे हो सगळे! एकदा हरवलेल्या आजोबांचा अंधुक चेहरा मी इतका स्वच्छ करून दिला, की बातमी संपायच्या आत त्यांच्या सुनेचा फोन आला. संकलक काकांनी मला थोपटलं. "वा रे माझ्या वाघा!"

मग वरच्या मजल्यावर चित्राचा दर्जा तपासणारे नवे साहेब आले. एक ठिपका दिसला की बातमी परत. काका वैतागले. त्यांनी माझं बटण दहावर नेलं आणि वरून चक्क चिकटपट्टी लावली! तेव्हापासून कोणी बघेना, कोणी विचारेना.

अशात कॅमेरा चालवणारी ताई एका दगडखाणीशेजारच्या वस्तीत तीन दिवस राहून आली. खडी फोडणाऱ्या यंत्राची धूळ तिथे उंबऱ्यावर, पापणीवर, पाळण्यावर. खोकणाऱ्या लेकीला मांडीवर घेऊन एक आई विचारत होती, "ताई, दिसेल ना हो हे सगळ्यांना? शनिवारी खाणीवर सरकारी तपासणीवाले यायचेत."

"दिसेल म्हणजे काय! दिसलंच पाहिजे."

उडती धूळ ह्या चित्रात असते, पुढच्यात नसते. दहावर जखडलेला मी, काय करणार? पुसली. कणन् कण पुसली. बातमी लागली तेव्हा आई रडत होती, पोर खोकत होती आणि मागे हवा कशी धुतल्यासारखी! खाणीचा मालक दुसऱ्या वाहिनीवर हसत म्हणाला, "त्यांचीच बातमी बघा की. कुठंय धूळ?"

शुक्रवारी दुपारी ताई तणतणत आली. "काका, माझी धूळ कुठे गेली?"

"कसली धूळ? चित्र बघ, आरशासारखं झालंय."

"आग लागो त्या आरशाला! ती पोर जीव काढून खोकतेय आणि आपण तिलाच खोटं पाडलं. उद्या तपासणी आहे!"

"मी काही नाही केलं गं. हा डबा म्हातारा झालाय, ह्याचंच डोकं फिरलंय."

ऐकलंत? माझं डोकं फिरलंय म्हणे! मला तोंड असतं ना, तर त्याच खोलीत सुनावलं असतं.

ताईने माझी वायर उपटली आणि मूळ चित्रण तसंच्या तसं लावलं. काका बघू लागले. बघता बघता त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पडदा पुसला. परत पुसला. धूळ जाईना. तिसऱ्यांदा हात वर गेला, तो तिथेच थांबला.

"ही... आतली आहे?"

"आतली."

काकांनी रुमाल खिशात टाकला. पडद्यावर पोर खोकतच होती. मग म्हणाले, "सातच्या बातम्यांत लाव. ठिपक्यांसकट. आणि आधी सांगायचं, आमचं चुकलं म्हणून. वरच्यांशी मी भांडतो."

सातला बातमी लागली. अख्खा पडदा धुळीने भरून गेला, आणि त्या धुळीत ती आई दिसली.

मला आता कपाटात टाकलंय. त्याचा राग नाही. म्हातारपण कोणाला चुकलंय? राग आहे तो न बघण्याचा. मित्रांनो, कुठला ठिपका घाणीचा आणि कुठला कोणाच्या श्वासात जाणारा, हे यंत्राला कळत नाही. तुम्हाला कळतं. देवाने दोन-दोन डोळे दिलेत तुम्हाला. मग बघायचं काम माझ्यावर का टाकलंत?