इंदुताईचा वाघ आणि माझी दोन भिंगे

मित्रांनो, मला उचलून आभाळाकडे धरू नका. मी दुर्बीण नाही. चामोर्शीला इनायतभाऊंच्या फोटो स्टुडिओत येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी हीच चूक करतो आणि मग "यातून काही दिसतच नाई" म्हणून मला टेबलावर आपटतो.

मी एक जुना स्टिरिओस्कोप आहे. चार बारीक पाय आणि वर दोन भिंगे, एवढाच माझा देह. उंचावरून काढलेले एकाच जागेचे दोन फोटो माझ्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे. दुसरा फोटो थोडे पुढे सरकून काढलेला असला पाहिजे. मग एका डोळ्याने एक आणि दुसऱ्याने दुसरा पाहिला, की सपाट कागदावर झाड उभे राहते, घर वर येते, विहीर खोल जाते.

हे कसब लढाईत फार कामाला आले. त्याच्याही आधी लोक फुग्यात बसून शत्रूची छावणी बघत. मग कोणीतरी कबुतरांच्या छातीला छोटे कॅमेरे बांधले. फोटो कशाचा काढायचा हे कबुतराला कोण सांगणार? कधीकधी त्याच्या स्वतःच्या पंखाचाच यायचा. मग विमाने आली आणि त्यानंतर उपग्रह. सुरुवातीचे काही उपग्रह फिल्मचा डबा आभाळातून खाली सोडत आणि छत्रीला लटकलेला तो डबा विमान हवेतच झेलत असे. मला आधी ही थाप वाटली होती, पण ते खरे आहे.

मी स्वतः हवाई दलाच्या एका तळावर नोकरी केली. लढाईच्या दिवसांत एकदा विमानाने आणलेल्या फोटोंत रणगाड्यांची लांब रांग दिसली. सगळ्यांचे चेहरे उतरले. आमच्या साहेबांनी दोन फोटो माझ्याखाली ठेवले. बाभळी वर आल्या, टेकडी वर आली, पण रणगाडे काही जमिनीतून उठेनात. ते ताडपत्रीवर रंगवलेले होते. त्या दिवशी साहेबांनी माझी भिंगे स्वतःच्या रुमालाने पुसली.

पुढे संगणक आले आणि रुमाल थांबला. मी भंगारात गेलो. भद्रावतीच्या एका भंगारवाल्याकडून इनायतभाऊंनी मला घेतले, तेही दुर्बीण समजूनच; मी खरा काय आहे ते त्यांना पुढे कळले. त्यांच्या पत्नी अख्तरीबाई माझ्यावर चहाची कपबशी ठेवू लागल्या. डाव्या भिंगावर तो गोल डाग अजून आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. धान कापून त्याच्या कडपा, म्हणजे कापलेल्या मुठी, बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, वाळायला पसरलेल्या होत्या आणि जवळच्या गावातले मुखरूभाऊ स्टुडिओत स्टुलावर बसले होते. उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी इंदुताई वारल्या. त्यांचा एकुलता एक फोटो मोठा करून घ्यायला ते आले होते. तेवढ्यात वनरक्षक रंजीताबाई ड्रोनचे फोटो छापायला आल्या. मुखरूभाऊंच्या बांधीजवळ, नाल्याच्या काठावर वाघ बसलेला दिसला होता. शेतात जायला सगळ्यांना मनाई झाली होती आणि तिकडे रानडुकरे कापलेले धान तुडवत होती.

"रंजीताबाई, मले जाऊ द्या ना बांधीत," मुखरूभाऊ म्हणाले. "माह्यं पांघरून तिथी राह्यलं."

"पांघरुनासाठी जीव देता काय, मुखरूभाऊ? दोन दिवसांपासून वाघ जागचा हलला नाई. हे पाहा."

मुखरूभाऊंनी फोटो डोळ्यांपासून हातभर लांब धरून पाहिला. "आता हा ते फाडन."

"वाघ काऊन फाडन? त्याले थंडी वाजून राह्यली काय?"

"नवीन घ्या ना, भाऊ," इनायतभाऊ म्हणाले. "बाजारात ढीग लागून हाये."

"इंदूनं घेतलं होतं ते."

अख्तरीबाईंनी माझ्यावरची कपबशी उचलून मुखरूभाऊंच्या हातात दिली. त्यामुळे मी मोकळा झालो आणि इनायतभाऊंची नजर माझ्यावर पडली.

"म्याडम, दोन फोटो द्या. हे मिलिटरीचं यंत्र हाये," ते रुबाबात म्हणाले.

त्यांनी डावा फोटो उजवीकडे ठेवला आणि उजवा डावीकडे. असे केले की माझ्यातून सगळे उलटे दिसते. रंजीताबाईंनी वाकून पाहिले.

"तुमच्या मिलिटरीनं झाडाच्या विहिरी केल्या, इनायतभाऊ. नाला डोंगरावर चढला."

"यंत्र जुनं हाये, जरा गरम होऊ द्या," असे म्हणत इनायतभाऊंनी गुपचूप फोटो बदलले.

आता मोहाची झाडे वर आली. धुरा, म्हणजे शेताचा बांध, वर आला. कडपासुद्धा बोटभर वर आल्या.

"वाघ नाई उठून राह्यला," रंजीताबाई म्हणाल्या.

"दबा धरून बसला असन," इनायतभाऊ म्हणाले.

"एवढा? पापडावानी?"

मित्रांनो, माझ्या चारही पायांत जोर आला. ती ताडपत्री मी विसरलो नव्हतो. मुखरूभाऊ उठले आणि माझ्यावर वाकले. मग हळूच म्हणाले, "हा वाघ माह्या घरचा हाये."

इंदुताईंनी आठवडी बाजारातून आणलेल्या त्या ब्लँकेटवर हिरव्या गवतात पसरलेला एक मोठा वाघ होता. मुखरूभाऊंनी तेव्हा तिची फार थट्टा केली होती. वाघ अंगावर घेऊन कोण झोपते, असे म्हणाले होते. ती म्हणाली होती, "बाहेरच्या वाघाले आधीच एक बसलेला दिसला, तर तो परत जाईन." धानाची राखण करताना ते ब्लँकेट दवाने भिजले. मुखरूभाऊंनी ते धुऱ्यावर वाळत घातले आणि जेवायला घरी आले. वाऱ्याने ते नाल्यापर्यंत नेले असावे. कसले पांघरूण, हे लाजेपायी त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

रंजीताबाई माणसे आणि फटाके घेऊन, मुखरूभाऊंना सोबत करून गेल्या. वाघ नाही हे मी सिद्ध केले होते. आता कोणीतरी माझी भिंगे पुसणार, या आशेवर मी बसून राहिलो.

दिवस मावळायच्या आत ते परतले. मुखरूभाऊंच्या काखेत ब्लँकेट होते. रंजीताबाईंचा चेहरा मात्र पार उतरला होता.

"पगमार्क हाये तिथी, वाघाच्या पायाचे ठसे," त्या म्हणाल्या. "आज सकायचेच. जंगलातून सरळ ब्लँकेटपर्यंत आला अन् तिथूनच परत फिरला."

म्हणजे खरा वाघही होता. फोटो कालचा होता आणि वाघ आजचा. साहेब नेहमी म्हणत, फोटोत दिसते ते काढतेवेळचे, बघतेवेळचे नाही. शेखी मिरवण्याच्या नादात मी तेच विसरलो होतो.

मुखरूभाऊ मात्र हसत होते. इंदुताई गेल्यापासून त्यांना असे हसताना कोणी पाहिले नव्हते. "इंदूनं सांगतलं तसंच झालं," ते म्हणाले. "आला, पाह्यलं अन् गेला बिचारा."

मग हसता हसता ते थांबले. मोठा केलेला फोटो त्यांनी माझ्याखाली सरकवला आणि वाकून पाहू लागले. मी जीव तोडून प्रयत्न केला. इंदुताई कागदावरच राहिल्या.

"उभी नाई होत, इनायतभाऊ."

"दोन लागते, भाऊ. दुसरा जरा बाजूनं काढलेला."

"एकच हाये. दुसरा काढतो म्हणलं, तर म्हणे, एक निघाला ना, आता बस." त्यांनी फोटो उचलून ब्लँकेटच्या घडीत ठेवला आणि ते घरी गेले.

मित्रांनो, माझी भिंगे मऊ कापडाने पुसा, माझ्यावर चहा ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक सांगतो. घरच्या माणसाचा फोटो काढाल तेव्हा एकावर थांबू नका. एक पाऊल बाजूला सरका आणि दुसरा काढा. ते माणूस नको म्हणेल, तरी काढा.