चुंबकाशेजारची जागा

दोष कॅप्टनचा होता. वाऱ्याचा नाही, ढगांचा नाही, पडद्याचाही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण थोरामोठ्यांची गोष्ट सांगायला बसलं की लोक पहिल्यांदा त्यांच्या अनुभवाचं कौतुक करतात आणि दोष शेवटी कुठेतरी पुसट अक्षरांत येतो.

मी होकायंत्र बोलतोय. विमानाच्या पुढच्या काचेच्या मधोमध, वरच्या बाजूला लटकणारी लिंबाएवढी डबी. आत द्रव, द्रवात तबकडी, तबकडीवर अंश. मला वीज लागत नाही.

मला जुळवणाऱ्या कारागीर बाईंनी झाकण घट्ट करताना म्हटलं होतं, "कुणी विचारो न विचारो, तू सांगत राहा." शाळा म्हणाल तर माझी तेवढीच.

माझं विमान छोटं, नऊ प्रवाशांचं. किनाऱ्यावरून बेटांवर जायचं आणि परत यायचं. आधी वैमानिक माझ्याकडे बघायचे. मग पडदा आला. त्यावर जांभळी रेघ, रेघेवर चिमुकलं विमान, आणि ते रेघेवर ठेवायला ऑटोपायलट. पडद्यावर माझा राग नाही. तो सांगितलेलं काम चोख करतो. राग आहे तो सांगणाऱ्यांवर, जे एक बटण दाबून हात झटकतात.

कॅप्टन मला 'आजोबा' म्हणायचा. माझं वय अकरा, त्याचं अठ्ठावन्न. माझ्या दांडीवर तो टोपी अडकवायचा. मग एका सकाळी त्यानं टॅब्लेट आणला आणि तो धरायला चुंबकाचा स्टँड, तोही नेमका माझ्या बगलेत चिकटवला.

मेकॅनिककाका म्हणाले, "साहेब, चुंबक आणि होकायंत्र शेजारी शेजारी? ते वेडंवाकडं दाखवेल."

"दाखवू दे. त्याच्याकडे बघतंय कोण?"

काकांनी तपासणीच्या कागदावर सही केली. चांगला माणूस, पण सही केलीच.

माझ्याकडे बघणारी एक होती. उजव्या सीटवरची सहवैमानिक, कॅप्टनची सख्खी भाची. ती निघण्यापूर्वी मांडीवरच्या वहीत पेन्सिलीनं दिशा लिहायची, आणि उडाल्यावर ती माझ्याशी ताडून बघायची.

त्या सकाळी जवळच्या बेटावर जायचं होतं. तिच्या वहीत होतं : दोनशे दहा अंश.

नियम असा, की पडद्यात मार्ग भरला की एकानं तो मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं कागदाशी जुळवायचा. कॅप्टननं 'मागचा मार्ग' हे बटण दाबलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"सर, वाचून घेऊ या?"

"पाढे घरी आईपुढे म्हण. या बेटावर मी डोळे मिटून जातो."

आदल्या दिवशी हेच विमान दुसरे वैमानिक लांबच्या बेटावर घेऊन गेले होते. मागचा मार्ग तो होता. इंधन मात्र जवळच्या बेटापुरतं, वर थोडंसं.

विमान उडालं आणि दोनशे चाळीसवर निघालं. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. चुंबकानं माझी तबकडी तीस अंश ओढून धरली होती. मी तिला दाखवलं : दोनशे दहा. तिनं वहीत बरोबरची खूण केली.

माझ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं आणि मी त्याच्याशीच खोटं बोललो. द्रवात तडफडत होतो, पण चुंबकापुढे माझं काही चालत नाही.

चाळीस मिनिटं पडद्यावर सगळं झकास होतं. विमान रेघेच्या बरोब्बर मधोमध. चुकीच्या रेघेच्या.

मग उन्हानं टॅब्लेट तापून बंद पडला. भाचीनं तो स्टँडसकट उपटून मांडीवर घेतला आणि मी सुटलो. गर्रकन दोनशे चाळीस.

ती थबकली. तिनं स्टँड माझ्याजवळ नेला : दोनशे दहा. लांब केला : दोनशे चाळीस. पुन्हा एकदा करून पाहिलं.

"खेळ काय लावलायस?" कॅप्टन म्हणाला. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, त्याच्या नादी लागू नकोस. पडदा बघ, रेघेवर आहोत."

"कुठल्या रेघेवर?"

"म्हणजे?"

"मामा," ती म्हणाली. विमानात ती त्याला कधी मामा म्हणत नसे. "रेघेच्या टोकाला नाव काय लिहिलंय ते वाचा. मोठ्यानं वाचा."

त्यानं टोपी वर केली. वाचलं, पण मोठ्यानं नाही.

"विमान मी घेते," ती म्हणाली. तिनं ऑटोपायलट बंद केला, पेन्सिलीनं नवी दिशा काढली आणि माझ्याकडे बघत वळली. त्या दिशेचा आकडा मी एक अंशही हलू दिला नाही. अकरा वर्षांत मला एवढं कुणी विचारलं नव्हतं.

बेट दिसलं तेव्हा इंधनाचे काटे तळाला टेकले होते. धावपट्टी दोनशे पावलांवर असताना दोन्ही इंजिनं थांबली. तिनं विमान अलीकडच्या गवतात उतरवलं. पुढचं चाक मोडलं, नाक जमिनीत घुसलं. प्रवाशांत एक नर्सबाई होत्या, त्यांचं मनगट मोडलं. बाकी सगळे चालत उतरले.

चौकशीत कॅप्टन काय म्हणाला असेल? "होकायंत्र सदोष होतं." मेकॅनिककाका बुटांकडे बघत बसले.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी भाचीला आईचा फोन आला होता. "एकुलता एक भाऊ आहे गं माझा. जरा सांभाळून बोल."

"आई, मागे नऊ जण बसले होते."

ती चौकशीला नवंकोरं होकायंत्र घेऊन गेली, आणि तो स्टँड. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. तबकडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भेलकांडली. मग तिनं वही उघडून स्वतःची बरोबरची खूण दाखवली. "ही माझी चूक. स्टँड काढायला लावायला हवा होता, आणि मार्ग वाचून घ्यायला हवा होता. मामा आहे म्हणून गप्प बसले." अहवालात कॅप्टनचं नाव आलं. आता मामाच्या घरचे तिच्याशी बोलत नाहीत. ती उडते. आणि मार्ग मोठ्यानं वाचल्याशिवाय चाक हलू देत नाही, शेजारी कितीही पिकल्या केसांचा बसलेला असो.

वैमानिकांनो, पडदे वापरा, बटणं वापरा. फक्त रेघेच्या टोकाचं नाव वाचा. आणि अनुभवी माणूस 'राहू दे' म्हणाला, तेव्हा तर नक्कीच वाचा.

मी तिच्या टेबलावर असतो. उतरताना माझी काच तडकली आणि द्रव गळून गेला. तबकडी एका जागी अडकून बसली आहे. उत्तर दिशा कुठे आहे, ते मला आता कळत नाही.