सावरीच्या बरगड्या

सुदर्शनने पाठीवरची सॅक सोडून पिल्लू ओट्यावर ठेवलं, तेव्हा धुरपदाबाई झेंडूची फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी आधी पिल्लाकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"आरं, हे कुत्रं हाय का हरणाचं पाडस?"

रांजणगावच्या कंपनीतल्या त्याच्या साहेबांची चेन्नईला बदली झाली होती. त्यांनी हौसेनं आणलेलं हे व्हिपेट नावाच्या चपळ जातीचं मादी पिल्लू कुणाला तरी द्यायचं होतं, आणि सुदर्शनने लगेच हो म्हटलं. राखाडी रंग, काटकुळे लांब पाय, वर ओढलेलं पोट. पळायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही कळायचं नाही. म्हणून सून शितलने वाऱ्यावर उडणाऱ्या सावरीच्या कापसावरून तिचं नाव सावरी ठेवलं.

"ही जातच बारीक असती, आई," सुदर्शन म्हणाला. "मागच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पायजेत म्हणले साहेब. मोजूनमापून घालायचं. जास्ती न्हाई."

"व्हय बाबा," धुरपदाबाई म्हणाल्या. पण त्यांची नजर त्या बरगड्यांवरच खिळली होती.

त्यांचं माहेर पाबळचं. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान पोर होत्या. दारात एकच गाय होती, आणि चारा संपला तसं तिच्या अंगावर नुसती हाडं उरली. धुरपदा तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत तिला लिंबाचा पाला भरवायची. एक दिवस वडील गाईला छावणीत न्यायला निघाले आणि वाटेतूनच हातात नुसतं दावं घेऊन परत आले. तेव्हापासून कुठल्याही जनावराची बरगडी दिसली की त्यांचा हात भाकरीच्या टोपल्याकडं जायचा.

त्यात गावात, खुटबावात, चर्चा सुरू झाली. शेजारच्या ताईबाई दळण घेऊन जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "धुरपदा, एवढं बागायत तुमचं, आन् मुक्या जनावराला घास न्हाई व्हय गं?"

धुरपदाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी सुदर्शनची गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी दुधात भाकरी कुस्करली, वर तुपाचा गोळा सोडला आणि वाडगा सावरीपुढं सरकवला. तिनं तो चाटूनपुसून लख्ख केला.

"कुणाला सांगू नगंस," धुरपदाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या.

रोजचाच नेम झाला. गणपतीपर्यंत सावरीच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या, पाठ रुंद झाली. आता कुत्रं अंगानं भरलं, असं जाणारे-येणारे म्हणू लागले, की धुरपदाबाईंना बरं वाटायचं. सावरीचं पळणं कमी झालं होतं. बांधाच्या कडेला ती नुसती बसून राहायची. पण ती आता शहाणी झाली, असंच सगळ्यांनी धरलं.

एका सकाळी सावरीनं ओट्यावरून उडी मारली आणि ती केकाटली. पुढचा उजवा पाय वर धरून तीन पायांवर उभी राहिली. गावात गाई-म्हशी बघणाऱ्या डॉक्टरांनी पाय चाचपला. मोडलेला वाटत नाही, पण शिरूरला कुत्र्यांच्या डॉक्टर आहेत त्यांना दाखवा, म्हणाले.

रविवारी फुलांच्या पिकअपमधून सगळं घर निघालं. सुदर्शनचे वडील बबनराव गाडी चालवायला, शेजारी सावरीला मांडीवर घेऊन धुरपदाबाई, आणि मागं मोकळ्या क्रेटवर सुदर्शन आणि शितल.

डॉक्टर करुणा यांनी सावरीचं वजन केलं, मग तिला टेबलावर उभं करून वरून पाहिलं.

"हिची कंबर कुठं गेली?" त्या म्हणाल्या. त्यांनी पाय हलवून पाहिला, बरगड्यांवर बोटं दाबली. "हाड ठीक आहे. पण ही अजून वाढतेय. कोवळ्या सांध्यांवर नको तेवढं ओझं झालंय. काय खाते?"

सुदर्शनने साहेबांनी सांगितलेलं माप सांगितलं.

"तेवढ्यावर एवढी होणार नाही."

धुरपदाबाई खाली बघत म्हणाल्या, "सकाळची दूध-भाकरी घालती मी. तुपाची."

बबनराव खाकरले. "दुपारी मळ्यात उकडलेली अंडी देतो मी. दोन. कवा तीन."

"मी संध्याकाळी साखर घालून दूध देते," शितल पुटपुटली. "मला वाटलं, दुसरं कुणी देत नसंल."

सुदर्शन कपाळाला हात लावून एकेकाकडं बघत होता. डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं. "आणि तुम्ही?"

"चिकन," तो म्हणाला. "पण सुट्टीच्या दिवशीच."

डॉक्टरांना हसू आवरेना. शितलही पदर तोंडाला लावून हसायला लागली. धुरपदाबाई मात्र हसल्या नाहीत. "बाई, बरगडी दिसली की मला राहवत न्हाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गाईची गोष्ट सांगितली.

डॉक्टरांनी ती शांतपणे ऐकली. मग धुरपदाबाईंचा हात घेऊन तो त्यांच्याच दुसऱ्या हाताच्या मागच्या बाजूवर फिरवला. "ही हाडं लागतात ना बोटांना? सावरीच्या बरगड्या अशाच लागायला हव्यात. त्या गाईच्या मांड्याही आटल्या असतील, कणा वर आला असेल. ती उपासमार होती, मावशी. हिच्या मांड्या भरलेल्या राहिल्या, तर बरगडी दिसली म्हणून भ्यायचं नाही. हिला उपाशी ठेवायचं नाही. फक्त वरचं सगळं बंद, आणि एकाच माणसाच्या हातानं खाणं."

"मी घालीन," धुरपदाबाई लगेच म्हणाल्या. "बाकी कुणी हात लावायचा न्हाई."

बोलणं सोपं होतं. पहिले काही दिवस सावरी चुलीपुढं बसून त्यांच्या हाताकडं टक लावायची. मग धुरपदाबाई आपलं ताट घेऊन परसात जायच्या. बबनरावांना मळ्यात जाताना सदऱ्याचे खिसे उलटे करायला लावायच्या.

"आगं, मी काय चोर हाय का?"

"चोर न्हाई. तुमी अंडीवाले हाय."

सकाळी त्या सावरीला दोरी लावून कॅनॉलच्या रस्त्यानं हळूहळू फिरवून आणायच्या. लंगडणं आधी कमी झालं, मग थांबलं. दिवाळी सरताना मागच्या बरगड्या पुन्हा उमटल्या. ताईबाई बघतच राहिल्या.

"आजारी हाय का गं?"

धुरपदाबाईंनी त्यांचा हात धरून सावरीच्या मांडीवर ठेवला. "हिथं दाब. लागतंय का आजाऱ्याचं अंग?"

ताईबाईंनी दाबून पाहिलं. "न्हाई बया. दगड हाय नुसता," त्या म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत तिथंच बसल्या.

शिरूरच्या पुढच्या फेरीत डॉक्टरांनी पळायला मोकळीक दिली. दुसऱ्या दिवशी थंडीत धुरपदाबाईंनी मळ्यात दोरी सोडली. सावरी क्षणभर उभी राहिली, कान मागं टाकले आणि निघाली. नांगरलेल्या रानाच्या कडेनं एक राखाडी रेघ ओढल्यासारखी ती गेली, लिंबाला वळसा घालून परत आली, पुन्हा गेली. बगळे उठले. बबनराव बारं मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचं विसरून बघत राहिले आणि सऱ्या तुंबल्या.

ती धापा टाकत आली ती बाजारासाठी ओतलेल्या शेवंतीच्या ढिगावरच आडवी झाली.

"आगं आगं, फुलं चुरगाळली सगळी!" बबनराव धावले.

"असू द्या वो," धुरपदाबाई म्हणाल्या. "दमलीय ती."