मला न कळलेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि चार्जिंगला लावल्याशिवाय माझा दिवस सरत नाही. पण एके काळी माझा थाट वेगळा होता. माझी ताई चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. भिंगं पुसायच्या मऊ फडक्यानं ती रोज सकाळी मला पुसायची. ओळखीपाळखीचे नंबर, फोटो, डॉक्टरांच्या वेळा, सगळं माझ्या पोटात होतं. "याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं ती ज्याला त्याला सांगायची आणि मी फुलून जायचो.

पुढे नवा फोन आला. दुकानात टॅबही आला. पण मी रुसलो नाही, कारण आम्हा तिघांचं खातं एकच होतं. एकाकडे नवा नंबर लिहिला की उरलेल्या दोघांकडे तो आपोआप यायचा. एकानं काढलेला फोटो तिघंही पाहायचो. मला ताईच्या बाबांच्या खिशात जागा मिळाली. बाबांनी जन्मभर लोकांची घरं रंगवली होती. आता वयामुळे त्यांना विसर पडू लागला होता.

मग एक दिवस ताईनं खात्याचा पासवर्ड बदलला. नव्या फोनला सांगितला, टॅबला सांगितला. मला सांगायचा राहून गेला. 'खात्यात पुन्हा प्रवेश करा' अशी सूचना मी रोज काचेवर दाखवायचो. बाबा ती माशी हाकलावी तशी बोटानं बाजूला सारायचे. फोन लागत होते, पण घरातल्या बातम्या माझ्यापर्यंत येईनाशा झाल्या. त्या दोघांनी आज काय पाहिलं असेल, फोटोत ताई हसली असेल का, याच विचारात मी खिशात पडून राहायचो.

याच काळात बिऱ्हाड हललं. बाबांना जिने झेपेनात, म्हणून लिफ्ट असलेल्या इमारतीत. ताईनं नव्या फोनमध्ये 'घर' या नावापुढचा पत्ता बदलला आणि ती निर्धास्त झाली. मी खिशातून नव्या घरी आलो खरा, पण माझ्यातलं 'घर' जुनंच राहिलं.

एका दुपारी बाबा केस कापायला गेले. बाहेर आल्यावर त्यांना वाट आठवेना. त्यांनी मला टॅक्सीवाल्यापुढे धरलं. "यात घर लिहिलंय. तिथं सोडा." मला ठाऊक होता तो पत्ता मी दाखवला.

थोड्या वेळानं ताईचा फोन आला.

"बाबा, आहात कुठं? जीव टांगणीला लागलाय माझा!"

"अगं, कसाबसा जिने चढून घरी पोचलो. पण कुलूप आहे. तू कुठं भटकतेयस?"

"मी घरीच आहे, बाबा."

"मीही घरीच आहे."

मग ताईनं हळूच विचारलं, "दाराचा रंग कुठला आहे?"

"मी हिरवा दिला होता. कुणीतरी पांढरा फासलाय. हात बघ कसा मारलाय, नुसते ओघळ!"

"तिथंच बसा. पायरीवरून हलू नका. आलेच मी."

ती धापा टाकत आली, त्यांच्याशेजारी बसली आणि तिनं मला हातात घेतलं. माझी ती सूचना वाचली. "अरे देवा, याला सांगायचंच राहिलं!" तिनं पासवर्ड टाकला आणि मित्रांनो, इतक्या महिन्यांचं सगळं एकदम माझ्याकडे धावत आलं! नवी बाल्कनी, मावशीचा बदललेला नंबर, नव्या घरात स्टूल रंगवणारे बाबा. मी तापलो, अडखळलो, पण काही म्हणता काही सोडलं नाही. 'घर'सुद्धा बदललं.

"मग हे घर यातून कुठं गेलं?" बाबांनी विचारलं. "आयुष्य काढलंय मी इथं. तुझी आई याच दारातून..."

ताईनं तो पत्ता पुन्हा लिहिला आणि त्याला नाव दिलं, 'बाबांचं जुनं घर'. तिच्या पर्समधल्या फोनवर ते लगेच उमटलं. दुकानातल्या टॅबवरही उमटलं असणार.

आता बाबा कधीकधी बाल्कनीत बसून त्या नावावर बोट ठेवतात. मी वाट दाखवतो. ते निघत नाहीत. काच विझेपर्यंत नुसते त्या वाटेकडे बघत राहतात. मग मला पुन्हा जागं करतात.

मित्रांनो, नवं यंत्र हौसेनं आणा. पण काही बदललं, तर जुन्यालाही कळवलंत ना, एवढं बघा. नाहीतर आम्ही जुनंच खरं धरून बसतो, आणि आमच्या भरवशावर एखादं माणूस बंद दाराशी जाऊन उभं राहतं.