रोलरवरचे केस

दुकानात तिला सगळे चिमटीच म्हणायचे, कारण चिमटा तिच्या हातातून सुटायचाच नाही. दुकान कसलं, तर फरशी साफ करणारी ती गोल यंत्रं असतात ना, थाळीएवढी, आपली आपण घरभर फिरणारी, त्यांच्या दुरुस्तीचं. आणि मालक काकांचा मंत्र एकच, "आधी रोलर, मग रोग!" यंत्र कशासाठीही येऊ दे, आधी उताणं करायचं आणि पोटाखालच्या रोलरचे केस कापायचे. कारण बघा, बाजूचा ब्रश कचरा आत ढकलतो, रोलर उचलतो, पंखा डब्यात ओढतो, पण लांब केस डब्यापर्यंत जातातच कुठे? रोलरलाच वेटोळं घालून बसतात.

तर त्या सकाळी एक बसड्रायव्हर आला. यंत्र असं छातीशी धरलेलं, जणू तान्हं बाळ.

"मागे मागेच जातं हो हे. तेवढंच बघा. बाकी काही उघडू नका."

"न उघडता कसं कळणार, दादा? माझ्या डोळ्यांत काय एक्स-रे बसवलाय?" चिमटी म्हणाली.

तो हसलासुद्धा नाही. गेला ड्युटीवर.

रोग साधाच होता. पुढे जिना आला की यंत्राला माघारी फिरवणारे सेन्सर असतात खाली. त्यांच्यावर धूळ बसली, की सपाट फरशीसुद्धा त्याला खड्डा वाटते. फडकं मारलं, झालं! पण त्याच्या आधी चिमटीच्या हाताने सवयीचं काम उरकलं होतं. ओळीने तीन यंत्रं, तिन्ही रोलर, कच कच कच, केस कचऱ्यात.

दुपारी तो आला. यंत्र सरळ पुढे चाललं, पण त्याने बघितलंच नाही. उचलून उलटं केलं.

"केस कुठे आहेत?"

"काढले की! तेही फुकटात!" चिमटी ऐटीत म्हणाली.

तो खालीच बसला. "बायकोचे होते हो. गेल्या महिन्यात गेली ती. औषधांनी गळायला लागले, तर रोज ओरडायची, 'अहो, माझ्या केसांनी गळा आवळलाय त्याचा, साफ करा!' आणि मी आपला, उद्या करतो, उद्या करतो."

चिमटीने कचऱ्याचा अख्खा डबा टेबलावर पालथा केला. काकाही शोधायला लागले. तीन पुंजके निघाले. तिन्ही काळे, तिन्ही लांब, तिन्ही धुळीने माखलेले.

"ओळखा ना, दादा," चिमटी म्हणाली.

त्याने एकेक उजेडात धरला, नाकाशी नेला. धुळीचा वास, बस.

"चौदा वर्षं रोज तिची वेणी बघितली," तो म्हणाला, "आणि आता..."

शेवटी तिन्ही पुंजके रुमालात बांधून तो निघाला. चिमटी यंत्र घेऊन मागे धावली.

"दादा, हे राहिलं!"

"राहू दे गं," तो वळलासुद्धा नाही. "आता घरात केस पडत नाहीत."