नियमात न बसणारा अडॅप्टर

तपासनिसाने अडॅप्टर हातात घेतला आणि पाहताक्षणी ओळखलं, हा पास होणार नाही. अडचण एवढीच होती की तो बनवणारा त्याचा मेहुणा होता. बायको गेल्यापासून घरी फिरकणारं माणूस म्हणजे हा मेहुणा. तोही तुटला, तर संपलंच.

"दाजी, मोजून तर बघा," मेहुणा म्हणाला.

तपासनिसाने मोजलं. मापं बरोबर. यंत्राने शेकडो वेळा घातला-काढला, पकड ढिली झाली नाही. तासभर वीज सोडली, तापला नाही. कामात बोट ठेवायला जागा नव्हती.

"मग करा की सही."

"नाही होणार. एका टोकाला यूएसबीची जुनी चपटी पिन, दुसऱ्या टोकाला नव्या टाइप-सी पिनेचं भोक. ही जोडीच नियमात बसत नाही."

"चालतंय ना? मग नियमांचं काय लोणचं घालायचंय?"

तपासनिसाने अडॅप्टर मेहुण्याने आणलेल्या दुसऱ्या नमुन्याशेजारी ठेवला.

"ताई असती तर तिने माझी बाजू घेतली असती."

ते खरंच होतं. ती नेहमीच घ्यायची. तरी तपासनीस उठला आणि त्याने खणातून एक केबल काढली. तिच्या दोन्ही टोकांना नवी पिन होती. दोन्हीकडे त्याने मेहुण्याचा एकेक अडॅप्टर चढवला. आता दोन्ही टोकांना जुनी चपटी पिन झाली.

"हे टोक तुझ्या लॅपटॉपला लाव, ते माझ्या कॉम्प्युटरला."

मेहुण्याने लॅपटॉप ओढला, पिन जवळ नेली आणि थबकला. "ही चपटी भोकं तर वीज बाहेर सोडतात. दोन्हीकडून येईल की."

"समोरासमोर. एखादं यंत्र जळेलही."

"पण दाजी, असं लावणार कोण?"

"आत्ता तूच निघाला होतास."

मेहुण्याला नको असताना हसू आलं. मग त्याने डोकं खाजवलं. "आता साच्याचं काय करू?"

"उलटा कर. नवी पिन बाहेर, जुनीचं भोक आत. ती जोडी नियमात आहे. नमुना आण, त्याच दिवशी मोजून देतो."

तपासनिसाने कागदावर 'नापास' लिहिलं आणि खाली ठळक सही केली. मेहुण्याने कागद घेतला, दोनदा वाचला.

"ताईसमोर तुम्ही कधी असं ठणकावून बोलला नाहीत."

"तिच्यासमोर बोलायला मिळायचंच कुठे?"

मेहुणा दारापर्यंत गेला. "नमुना इथे आणू की घरी?"

"इथे आण," तपासनीस म्हणाला. "घरी जेवायला ये."